गाडीचं तोंड रस्त्याकडं

लक्ष्मीपुरीच्या मागच्या गल्लीत आक्कांचा पार्किंगचा प्लॉट आहे. त्या मंगळवारी तिथं एक पांढरी गाडी तिसऱ्यांदा मागं आली, तिसऱ्यांदा वाकडी झाली आणि तिसऱ्यांदा बंद पडली. आत होती संयोगिता, आक्कांच्या धाकट्या बहिणीची लेक. समोरच्या चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासते. दिवसभर दुसऱ्यांना बारीक अक्षरं वाचायला लावणाऱ्या या पोरीला मागचं एवढं मोठं पत्र्याचं पिंप मात्र दिसत नव्हतं!

"मॅडम... थांबा, थांबा. स्टेअरिंग उजवीकडं घ्या."

काचेबाहेर एक उंच माणूस वाकून उभा होता. श्रावणाची भुरभुर त्याच्या केसांवर साखरेसारखी पसरली होती.

"उजवीकडं म्हंजे... माझ्या का गाडीच्या?"

"तुमची आणि गाडीची उजवी एकच हाय की."

"आरशात न्हाय!"

तो हसला नाही. हसू ओठात दाबून ठेवलं, एवढं मात्र तिला दिसलं. "आरसा राहू दे. आधी ठरवा, गाडीचं बूड कुठं न्यायचंय. तिकडंच स्टेअरिंग फिरवायचं. बास."

"ओ पावणं!" खुर्चीवरनं आक्का गरजल्या. "माझ्या भाचीसमोर बूड-बीड काढू नका."

"आक्का, गाडीचं म्हणतोय."

"कळतंय मला. तरीबी."

पण गाडी बसली. पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध, शहाण्या बाईसारखी. संयोगिता उतरली, तर गडी आपल्या निळ्या गाडीकडं निघालासुद्धा. ती गाडी भिंतीला पाठ लावून, तोंड रस्त्याकडं करून उभी होती. एका दमात सुळकन निघून गेली... आणि आभार मानायला उघडलेलं तोंड संयोगितानं तसंच मिटलं.

त्याचं नाव कृष्णात. पेठ वडगावात त्याचं पाण्याच्या पंपांच्या मोटार वायंडिंगचं दुकान. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तांब्याची तार न्यायला कोल्हापुरात यायचा. ही माहिती संयोगितानं त्याला काही विचारली नव्हती हो. आक्कांना विचारली होती, एवढंच.

पुढच्या शुक्रवारी तो चष्म्याच्या दुकानात आला.

"डोळे तपासायचेत."

"शेवटची ओळ वाचा."

"दिसत न्हाय."

"तिच्या वरची?"

"तीबी न्हाय."

संयोगितानं यंत्रातनं बघितलं. लख्ख डोळे, लांबचं-जवळचं सगळं ठणठणीत. "तुमाला काय झालेलं न्हाय."

"मग... मंगळवारी परत येऊन बघू का?"

तिला हसावं की रागवावं ते कळेना. त्या दिवसापासनं तिला बऱ्याच गोष्टी कळेनाशा झाल्या.

मग शिकवणी सुरू झाली. त्याची तार बांधून होईतोवरचा अर्धा तास, भरल्या प्लॉटात, सगळ्यांच्या देखत. पहिल्यांदा नाक घालून सरळ लावायची. "आत जायला सगळ्यात सोपं," तो म्हणाला. "भाएर पडताना घाम." मग तिरकी. "वळण कमी लागतं, बायाबापड्यांना झट जमतं. खरं निघताना मागचा रस्ता दिसत न्हाय, दुसऱ्याच्या भरवशावर भाएर यायला लागतंय." मग गल्लीत, कडेला, दोन गाड्यांच्या मधी. ते तर तिचं घामटं काढणारं!

"पुढच्या गाडीच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं," तो शेजारी बसून सांगत होता. "मग हळूच मागं सरत, आत..."

"खांद्याला खांदा?"

"गाडीच्या," तो म्हणाला. आणि आपला खांदा दाराकडं सरकवून बसला. सरकवला नसता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. असं वाटलं म्हणून तिनं ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला.

"अहो, अहो! जागा कमी खाती ही पद्धत, म्हणून चांगली. गाडीच खाल्ली तर काय उपेग?"

"आणि तुमी कायम उलटी का लावता?"

त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागनं टेम्पोवाल्यानं असा हॉर्न मारला की दोघं दचकली. ते उत्तर तसंच राहिलं.

ते मग आक्कांनी दिलं. आक्का चौथीपर्यंतच शिकलेल्या, पण वीस वर्षं प्लॉटाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेल्या. कोण गाडी कशी लावतो त्यावरनं त्या माणूस सांगायच्या, आणि तेही तोंडावरच सांगायच्या.

"तिरकी लावणारा अर्ध्या मनाचा," त्या तांदूळ निवडत म्हणाल्या. "नाक घालून येतो तो मोकळा. आला म्हंजे आला, बसणार. आणि उलटी लावणारा... तो यायच्या आधीच जायाच्या तयारीत. त्येचं तोंड कायम रस्त्याकडं. असल्याचा भरवसा धरू नये, पोरी."

"मी कुणाचं विचारलं?"

"मी तरी कुणाचं सांगितलं?"

संयोगिता रात्रभर कूस बदलत राहिली. खरंच की! एकदा तरी त्यानं गाडी नाक घालून लावली का? चहाला बसला तरी किल्ली हातात. हसतो, बघतो, डोळे परत परत तपासून घेतो, आणि एका दमात सुळकन निघून जातो. मग हे शिकवणं काय? ते खांदा सरकवणं काय? काय म्हणून समजायचं?

त्यात इचलकरंजीचं स्थळ आलं. अमरसिंह, घरचे माग, स्वभावानं रोखठोक. बघून गेला तेव्हा गाडी नाक घालून थेट आत आली होती, त्यामुळं आक्का खूश. शुक्रवारी मायलेक अंबाबाईच्या दर्शनाला येणार, आक्कांकडं चहा घेणार, आणि तेव्हा हो की नाही ते सांगायचं, असं ठरलं.

मधे एकच मंगळवार. त्या मंगळवारी कृष्णात आला. गाडी फिरवली, मागं घेतली, भिंतीला पाठ लावली. बघून संयोगिताचं डोकंच फिरलं.

"तुमाला कायम पळायची घाई का असती हो?"

"कोण पळतंय?"

"तुमी! आल्या आल्या तोंड रस्त्याकडं."

"माझं?" त्यानं खरोखर आपलं तोंड चाचपलं. "मी तर तुमच्याकडं बघतोय."

"मग बघूनच ठेवा. शुक्रवारी मला बघायला आलेली माणसं सुपारीचं बोलणार हायत."

त्यानं तारेचं भेंडोळं या हातातनं त्या हातात घेतलं. "बरं," म्हणाला. "बरं... तुमची पसंती हाय का?"

"तुमाला काय करायचंय?"

हे असं बोलायचं नव्हतं तिला. बोलायचं होतं भलतंच. पण जिभेचं स्टेअरिंगही तिला उलटं-सुलटंच जमायचं. निळी गाडी एका दमात निघून गेली, आणि आक्कांचं म्हणणं खरं निघालं म्हणून तिला रडू आलं.

शुक्रवार उजाडला. श्रावणातला शुक्रवार, प्लॉट खचाखच. अमरसिंहाची गाडी नाक घालून थेट भिंतीपर्यंत गेली. चहा झाला, पोहे झाले. अमरसिंह मागांविषयी बोलला, आईविषयी बोलला, इचलकरंजीच्या पाण्याविषयी बोलला. संयोगिताला त्यानं काही विचारलं नाही. आक्का म्हणाल्या, "पोरगी निघताना सांगंल."

निघताना निघता येईना! मागं दोन्ही बाजूंनी गाड्या लागलेल्या, मधी जेमतेम बोळ.

"मागं उभं राहून सांगा जरा," अमरसिंह काच खाली करून संयोगिताला म्हणाला.

"येऊ दे... येऊ दे... डावीकडं... न्हाय, थांबा!"

धाडकन पिंपाला बसली. पिंप गडगडत आक्कांच्या खुर्चीपर्यंत गेलं.

"नीट बघून सांगता येत न्हाय? डोळ्यांच्या दुकानात काम करता म्हणं!"

संयोगिताच्या मनातला गोंधळ, नवल म्हणजे, त्या आवाजानं एकदम निवळला. ती खिडकीशी गेली, त्याच्या आईला खाली वाकून नमस्कार केला. "आत्ती, राग मानू नका. गाडी मी काढून देते. पण माझं... न्हाय हाय."

अमरसिंह उतरला, ती बसली. आधी ठरवा, बूड कुठं न्यायचंय. तिनं ठरवलं. दोन वळणांत गाडी बोळातनं रस्त्यावर! अमरसिंहाच्या आईनं तोंडाला पदर लावला. रागानं की हसून, ते आजतागायत कळलेलं नाही.

ती मायलेकं गेली, आणि मोकळ्या जागेसमोर निळी गाडी येऊन थांबली. कृष्णात. थोबाड उतरलेलं, दाढीसुद्धा केलेली नव्हती. तरीही गाडी फिरवलीच, मागं घेतलीच, तोंड रस्त्याकडं केलंच.

संयोगिता बॉनेटसमोर जाऊन उभी राहिली. "आज उत्तर पायजे. उलटी का लावता?"

तो भुरभुरीत उतरला. आक्कांकडं बघितलं, पिंपाकडं बघितलं.

"माझा बा उसाची बैलगाडी हाकायचा," तो म्हणाला. "लोक त्येला सयाजी गाडीवान म्हणायचे. फडात शिरलं की आधी रिकामी गाडी वळवून ठेवायचा, जू रस्त्याकडं. म्हणायचा, रिकामी हाय तवर वळवून घ्यावी. एकदा भरली की चिखलात वळत न्हाय. मीबी तसंच..."

"तुमच्या गाडीत कुठं ऊस भरायचाय?"

"ऊस न्हाय." त्याचे कान लाल झाले. "येताना एकटाच असतो. मागं-फुडं जे काय करायचं ते एकट्यानंच करून घेतो. जाताना... तुमी बसला, तर कुठं अडायला नको. म्हणून. पहिल्या मंगळवारपासनं."

संयोगिताला काहीतरी सणसणीत बोलायचं होतं. तोंडातनं निघालं ते एवढंच. "मग एवढ्या दिवसांत दार उघडायचं सुचलं न्हाय?"

त्यानं धावत जाऊन दार उघडलं. घाईत ड्रायव्हरच्या बाजूचं. मग बंद केलं, मग पलीकडचं उघडलं. ती बसली.

आक्का काठी टेकत आल्या आणि खिडकीत वाकल्या. वीस वर्षांचं शास्त्र एका शुक्रवारी मोडलेलं, पण कबूल करतील त्या आक्का कसल्या!

"ओ वडगावकर! आता भरली गाडी हाय. सावकाश न्ह्यायची. आणि दिवेलागणीच्या आत माझ्या दारात पायजे, नाक घालून. आज तुमाला जायची घाई असू नये."

"व्हय, आक्का."

गाडी निघाली. मागं-पुढं न करता, सरळ. प्लॉटाच्या तोंडाशी येऊन थांबली.

"आता कुठं?" संयोगितानं विचारलं. "उजवीकडं का डावीकडं?"

कृष्णातानं स्टेअरिंगवर बोटं वाजवली. उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"खरं सांगू?... मी हितपर्यंतच ठरवलं होतं."