रिकाम्या बिळासमोर

"फ्लॅश नको!"

कॅमेऱ्यावर अचानक एक ओला तळवा आला आणि मी किंचाळायचीच बाकी राहिले. पळसदरीच्या धरणामागे, ओढ्याकाठी, एवढ्या पहाटे मी एकटीच आहे असं मला वाटलं होतं.

"समोरच्या बिळात तिबोटी खंड्याची पिल्लं हायेत. भितील ना ती."

"मग या अंधारात फोटो काढू कसा?"

"आयएसओ वाढवा. कमी उजेडातबी येतो फोटो."

"फोटोभर ठिपक्यांसारखे दाणे येतात!"

"येऊ द्या की. दाणे घरी बसून कमी करता येतात. हललेला पक्षी नाय सरळ करता येत."

मी दीक्षा, दहिवलीच्या स्टुडिओत लग्नाचे अल्बम करते. नवरीच्या गालावर एक दाणा दिसला तरी आमच्याकडे भांडणं होतात. ओळख झाली तेव्हा कळलं, हा शिळफाट्यावरच्या चष्म्याच्या दुकानातला रत्नदीप. आणि हा मला शिकवणार! राग आला... आणि गेलाही. त्याने सांगितलं तसा काढलेला फोटो छान आला होता. त्याचं हसू तर त्याहून छान होतं.

मग दर रविवारी आम्ही लांब झाडाआड, हिरवं कापड बांधून कुजबुजत बसू लागलो. तो चहा आणायचा, मी पोहे. पण बोलायचा फक्त शटरबद्दल. माझ्याबद्दल — एक अक्षर नाही! आणि माझ्याही तोंडून काही फुटेना.

त्या शुक्रवारी कामावर जायच्या आधी मी एकटीच डोकावले, तर बीळ रिकामं. पिल्लं उडून गेली होती. पिल्लं नाहीत म्हणजे रविवार नाही, आणि रविवार नाही म्हणजे रत्नदीप नाही. त्याला कळवायला हवं होतं. मी कळवलं नाही.

रविवारी पाऊस भुरभुरत होता. रत्नदीप शेजारी कॅमेरा लावून बसला होता. आता उजाडेल, याला कळेल, हा बॅग उचलून 'चला, येतो' म्हणेल...

खट्! त्याने फोटो काढला.

"काय झालं?"

"खंड्या आला होता... बेडूक घेऊन. गेला आत."

मी त्याच्याकडे बघतच राहिले.

"दाखव."

"नको... दाणे लय आलेत."

मी कॅमेरा ओढूनच घेतला. पडद्यावर सगळे करडे दाणे, आणि मधे एक मोकळी फांदी.

"पक्षी कुठाय?"

"दाण्यांत... असंल."

त्याचे कान लालबुंद झाले. माझी निम्मी भीती तिथेच पळाली.

"रत्नदीप, पिल्लं उडालीत. मी शुक्रवारीच बघून गेले."

"तुमाला माहीत होतं?" तो गडबडला. "मग आलात कशाला?"

"आधी तू सांग."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी गुरुवारीच बघितलं. पण सांगितलं असतं तर तुमी आला नसता. आन् मला... तुमी यायला पायजे होतं. पक्षी असो, नायतर नसो."

"मीही तुझ्यासाठीच आले, वेड्या. मला तू आवडतोस."

बोलून गेले, आणि कॅमेऱ्याचा पट्टा उगाच आवळत बसले. तो मात्र नुसता हसत होता.

"मग... पुढच्या रविवारी?"

"इथे नाही. आमच्या घरी ये, आईला जय भीम करायला. चांगल्या उजेडात."

त्याचं हसू एकदम मावळलं. त्याने माझा हात घट्ट धरला.

"जय भीम करीन की. पण दीक्षा... आई काय विचारतील गं?"

पहिल्यांदाच 'गं' म्हणाला. घाबरले तर मीही होते, पण हात सोडवून घेतला नाही.