सोनेरी किनारीचा पतंग

"हसनसाहेब आहेत का?"

कारखान्याच्या फाटकात एक तरुण उभा होता. गळ्यात भिंग, घामाने भिजलेला शर्ट आणि चेहऱ्यावर — काय सांगू — बोर्डात पहिला आल्यासारखा आनंद. आत कापडाचे लूम खडखडत होते, म्हणून तो मोठ्या आवाजात बोलत होता.

"मी नोमान, ठाण्याच्या कॉलेजात कीटकांवर काम करतो. त्यांनी आमच्याकडे डबी पाठवली होती. त्यांना सांगा, त्यातला पतंग नव्या जातीचा आहे. जगात अजून कुणीच त्याची नोंद केलेली नाही."

मी त्याला ऑफिसात बसवलं, दार लावलं आणि सांगितलं, की हसनसाहेब माझे अब्बा, आणि त्यांना जाऊन साडेतीन महिने झाले.

तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "मला उशीर झाला."

इतक्या दिवसांत लोकांनी मला सबर शिकवला, नशीब समजावलं. एवढं सरळ कुणी बोललं नव्हतं.

त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. तांदळाच्या दाण्याएवढा जीव. राखी पंख आणि कडेने एक बारीक सोनेरी रेघ... अब्बांचा जन्म कापडाच्या किनारी तपासण्यात गेला. ही त्यांच्या नजरेतून कशी सुटणार?

"पण ही मादी आहे," नोमान म्हणाला. "पतंगांच्या या कुळात जात नरावरूनच पक्की ठरते; तो मिळाल्याशिवाय वर्णन पुरं होणार नाही, आणि नावही देता येणार नाही. शिवाय जागा नेमकी हवी. डबीवर एवढंच लिहिलंय — 'शुक्रवार, गुणाबाईकडे'. विचारत विचारत पडघ्यापर्यंत गेलो, तिथे मला चार गुणाबाई भेटल्या. दोघींनी जेवू घातलं."

मला हसू फुटलं. आपलंच हसू ऐकून मी दचकले.

"आमच्या गुणाबाई पडघ्याच्या नाहीत, गणेशपुरीच्या वाटेवरच्या आहेत. शुक्रवारी लूम बंद असले की अब्बा तिकडे तांदूळ आणायला जायचे."

"मला न्याल?"

"जेवण मिळेलच असं नाही."

"उपाशी येईन," तो म्हणाला.

शुक्रवारी गुणाबाईंनी आम्हाला बांधावर नेलं. करवंदीची मोठी जाळी होती. "तुजा बाप हितंच बसायचा, पानं उलटीपालटी करत. मी म्हनायची, शेठ, काय हारवलं?" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "आता उद्याच जेसीबी येनार हाय. पोरांनी जमीन गोडाऊनला दिली."

नोमानने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे आजचाच दिवस.

"आनि ह्यो कोन गं, रमशा? जावई हाय का?"

"न्हाय," मी त्यांच्याच बोलीत म्हटलं.

"आजून न्हाय," गुणाबाईंनी सुधारलं आणि त्या भाताच्या खाचराकडे वळल्या. नोमान मान खाली घालून फारच मन लावून एक पान पाहू लागला. त्या पानावर काहीच नव्हतं.

चार तास आम्ही फांद्या हलवल्या, पानं उलटली. हातांवर काट्यांचे ओरखडे उठले. ऊन कलायला लागलं तसं आमचं बोलणंही थांबलं. मी पतंग धरायला आणलेली बाटली रिकामीच पिशवीत ठेवणार, तेवढ्यात...

"हलू नका," मी म्हटलं.

"का?"

"तुमच्या कॉलरवर आहे."

तो दगडासारखा उभा राहिला. मी एकेक पाऊल पुढे गेले. सोनेरी रेघ त्याच्या मानेपासून बोटभर लांब थरथरत होती. मी बाटलीचं तोंड कॉलरजवळ नेलं.

"श्वास घेऊ का?" ओठ न हलवता त्याने विचारलं.

"नको."

"तुम्ही इतक्या जवळ आलात, की... तसाही जमत नाहीये."

बाटली टेकली. पतंग आत गेला, मी बूच लावलं, आणि तरी मी तिथेच उभी होते.

त्याने भिंग डोळ्याला लावलं. किती वेळ लावला त्याने! "मिशा पिसासारख्या आहेत," तो हळूच म्हणाला. "रमशा, नर आहे. आता नाव देता येईल. 'हसनी' ठेवू?"

मी होकाराची मान हलवली.

"एक अट आहे," थोड्या वेळाने तो म्हणाला. "नर तुम्ही पकडलात, जागा तुम्ही दाखवलीत. या शोधाच्या लेखावर तुमचंही नाव हवं. माझ्या नावाशेजारी."

"छापून?"

"छापून. जगभर."

"आमच्यात दोन नावं अशी शेजारी छापायची असतील," मी बाटलीकडे पाहत म्हटलं, "तर आधी घरी येऊन विचारतात."

तो हसला नाही. "मी कधीपासून तेच म्हणायला शब्द शोधतोय. कधी येऊ?"

"आज. अब्बांचं नाव पतंगाला मिळतंय, हे अम्मीला मला एकटीला सांगता येणार नाही."

त्याने पिशवी उचलली. बाटली मात्र माझ्याच हातात राहू दिली.