टाकीतले विळे

शिराळ्याच्या अलीकडे, ओढ्याकाठच्या वस्तीवर अंकिताने सांडपाण्याची टाकी उभी केली, तेव्हा गावाने आधी तिची यथेच्छ चेष्टा केली. भंगार आणि जंतू घालून पाणी साफ करणारी ही कुठली शहाणी? तरी तिने लोखंड मागितलं तशी घराघरांतून झिजलेले विळे, खुरपी, कोयते आले. लोखंड हळूहळू गंजे आणि त्याच्या जोरावर जीवाणू पाण्यातल्या नायट्रेटचा निरुपद्रवी वायू करत. टाकीचं झाकण उघडलं, की ओठ चावल्यावर तोंडात येते तसली चव हवेतच लागे.

अंकिताला ती चव आवडायची. टाकीतलं पाणी ओढ्याला जाई, ओढ्याचं विहिरीत झिरपे. उसाला ओतलेल्या युरियाने आणि सांडपाण्याने ती विहीर अशी नासली होती, की मागच्या पावसाळ्यात शेजारच्या तान्ह्या बाळाच्या रक्तातलं लोखंड प्राणवायू वाहीनासं झालं आणि ते निळं पडलं होतं. कसंबसं वाचलं. अंकिताच्या तान्ह्या साईराजला वरचं, पावडरचं दूध लागे. त्याच्यासाठी बाहेरून पाण्याचे जार येत, पण पूल बुडाला की तेही बंद, मग टाकीमुळे जरा सुधारलेल्या विहिरीवरच भिस्त. नागपंचमीच्या सकाळी पूल बुडालेलाच होता.

"आज इळ्याला हात लावू नगंस," दिंडं उकडायला ठेवत सासूबाई, शालूबाई म्हणाल्या. "कापायचं न्हाई, चिरायचं न्हाई. लोखंडाला बी इसावा लागतो."

"आत्या, टाकीतले विळे आता विळे कुठं राहिलेत? भंगार आहे ते."

शालूबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. त्यांचा माहेरचा विळाही टाकीतच होता.

टाकीपाशी राखणदार हंबीरराव तपासणीची पट्टी हातात घेऊन उभे होते. पट्टीवरच्या धातूच्या पुडीने ती जितकी गुलाबी होई, तितकं नायट्रेट जास्त. टाकीत शिरणारं पाणी जेवढं गुलाबी, तेवढंच बाहेर पडणारंही.

"कालपातुर ब्येस चाललं हुतं की," ते म्हणाले.

अंकिताने पंप पाहिला, नळ पाहिले. सगळं जागच्या जागी होतं. मग तिने आकड्याने एक विळा वर काढला. टोकाच्या वाकावरून तो शालूबाईंचा हे तिने ओळखलं. विळा कोरडा होता. पाण्यातून काढलेला विळा, आणि त्यावर थेंब नाही.

तिला राग आला, आणि रागाखाली भीती होती. वर कसलीतरी साय धरली असेल, असं तिने स्वतःला बजावलं. ताजा काप दिला की लोखंड पुन्हा कामाला लागेल.

"आज नगं पोरी. उद्या हुईल की चालू."

"आणि तोवर बाळाला काय पाजू, काका?"

हंबीररावांनी पाठ फिरवली. तिने कटर लावला. ठिणग्या उडाल्या, विळ्याचे तुकडे झाले, आणि एकाने तिचं बोट कापलं. रुमाल गुंडाळून तिने तुकडे टाकीत टाकले. पडल्याचा आवाज आला नाही.

बाहेर पडणाऱ्या पाण्यात तिने पट्टी बुडवली. पांढरीशुभ्र. अंकिताला हसूच फुटलं.

मग सवयीने तिने टाकीत शिरणारं घाण पाणी तपासलं.

तेही पांढरं.

"साफ झालं न्हवं? मग झालं की," म्हणत हंबीरराव टाकीपासून लांब सरकले.

ती घाईने निघाली. वाटेत विहिरीचं पाणी तपासलं. पांढरं. टाकीतलं पाणी इतक्यात तिथवर पोचणं शक्यच नव्हतं.

घरी हंड्यात काल भरलेलं पाणी होतं. पट्टी पांढरी.

"साफ हाय न्हवं?" शालूबाईंनी विचारलं. "त्यातलंच दूध करून पाजलंय पोराला. लय रडत हुतं, आता कसं गप झोपलंय."

अंकिताने झोळी उघडली. साईराजचे ओठ जांभळे होते. नखंही.

"आत्या, गाडी बोलवा."

"कुठनं येईल गं गाडी? पूल कुठं उघडा हाय?"

तिने बाळाला छातीशी धरलं. बोटावरचा रुमाल सुटला, रक्त पुन्हा वाहू लागलं. बाळाच्या दुपट्याला डाग नको, म्हणून तिने ते बोट तोंडात घातलं.

रक्ताला लोखंडाची चव नव्हती.