नाथाजीच्या खिशातला काटा

कुंडल फाट्यावर लिंबाच्या फांदीला जुना टायर टांगलेला दिसला की समजायचं, आकारामचं पंक्चरचं दुकान आलं. तो आकाराम म्हणजे मीच. दुकान म्हणजे चार पत्रे, पाण्याचं घमेलं, हातपंप, ठिगळाचं रबर, सोल्यूशनची बाटली आणि डालड्याचा एक रिकामा डबा. अकरा वर्षं लष्करात गाड्या दुरुस्त करून आलो होतो. त्यामुळं शिस्तीचं वेड होतं आणि तोंडही मोठं होतं. शेजारच्या चहावाल्या रहिमानला मी रोज ऐकवायचो, "गड्या, ट्यूबला ठिगळ कोणबी लावंल. टायरात हात फिरवतो त्यो खरा कारागीर."

त्यात खोटं काही नव्हतं. ट्यूबचं भोक बुजवलं आणि काटा टायरातच राहिला, तर पाच-सहा मैलांत गाडी पुन्हा बसते. म्हणून टायरच्या आतून पुरा एक वेढा बोटं फिरवायची, काटा लागला की पक्कडीनं ओढायचा आणि गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचा. ही आमच्याकडची रीत. गिऱ्हाईक काटा उन्हात धरून बघणार, "आयला, एवढा हुता व्हय!" म्हणणार, फेकून देणार आणि निर्धास्त किक मारणार. ते फेकलेले काटे नि चुका, म्हणजे बारीक खिळे, मी वेचून डब्यात टाकायचो. दुकानापुढं पडलेल्या कुणाला दिसल्या तर लोक म्हणणार, हाच टाकतो.

पंचाहत्तर सालच्या दसऱ्याच्या आधीची गोष्ट. शाळूच्या रानांना बाभळीची कुंपणं घालायचे दिवस होते, रस्ताभर काटे सांडलेले. भर दुपारी गुऱ्हाळवाला नाथाजी राजदूत मोटारसायकल ढकलत आला. पुढचं चाक बसलं होतं. हा नाथाजी एके काळी पक्का पिणारा. दोन वर्षांपूर्वी बायकोच्या, शालूबाईच्या, गळ्याची शपथ घेऊन त्यानं दारू सोडली होती आणि शपथ पाळली होती. गावात त्याचं कौतुक होतं, शालूबाईला तर फारच.

"आकारामा, उरक लवकर. सांगलीला गुळाचा सौदा हाय आज," तो म्हणाला.

मी ट्यूब काढली, फुगवून घमेल्यात बुडवली, बुडबुडे आले तिथं घासून ठिगळ लावलं. टायरात हात घालायची वेळ आली आणि मी थांबलो. आदल्या दिवशी टायर उचकटायची लोखंडी पट्टी सटकून माझं बोट फाटलं होतं, चिंधी बांधलेली होती. ठणकत होतं. मागं आणखी दोन गाड्या उभ्या होत्या. मी टायर नुसता दोनदा आपटला, ट्यूब आत सारली आणि टायर रिमवर चढवला.

नाथाजीनं रीतीप्रमाणं हात पुढं केला. "कुठाय काटा?"

घावला नाही म्हणालो असतो, तर पुन्हा खोलावं लागलं असतं. शिवाय रहिमान बघत होता. मी वाकल्यासारखं केलं, डब्यातला एक जुना बाभळीचा काटा उचलला आणि त्याच्या हातावर ठेवला.

त्यानं तो फेकला नाही. रुमालाच्या टोकात बांधून खिशात घातला. "उशीर झाला की शालूला शंका येती. दावतो तिला, कशापायी उशीर झाला त्यो," असं म्हणून हसला आणि गेला.

पाच मैलांवरच्या ओढ्याच्या पुलाच्या कठड्यावर गाडी आदळून तो जागीच मेला. ऊन लख्ख, रस्ता मोकळा, समोरून गाडी नाही. चाक बसलेलं होतं, पण ते कठड्यावर आपटून बसलं असं सगळ्यांनी धरलं, कारण खिशात काटा होता. आकारामनं काटा काढलेला होता. मग मोकळ्या रस्त्यावर माणूस कठड्यावर जाईल कशाला? परत दारू सुरू केली असणार, असं पारावर ठरून गेलं.

तेरावा झाल्यावर शालूबाई दुकानावर आली. मुठीत तो रुमाल होता. "दादा, ह्यो काटा तुमीच काढलाय न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

"म्हंजी चाक चांगलं हुतं."

"व्हय."

ती खाली बघत म्हणाली, "त्यांच्या तोंडाला वास येत हुता का?"

वास येत नव्हता. माझ्यापासून हातभर अंतरावर तो उभा होता, तोंडाला बडीशेपेचासुद्धा वास नव्हता. मी म्हणालो, "ध्यान न्हवतं माझं." तिनं मान हलवली आणि ती निघून गेली. हे लिहितानाही मला मान वर करवत नाही.

त्या दिवसापासून एकही टायर मी हात फिरवल्याशिवाय बसवला नाही. पुढच्याच आठवड्यात पाचगणीच्या एका शाळेतले मास्तर आले. मागच्या चाकात चूक घुसलेली होती, ती काढली. तरी सवयीनं हात पुढं नेला, तर व्हॉल्व्हच्या डावीकडं चार बोटांवर आणखी काहीतरी टोचलं. काढून बघितलं, बाभळीचा मोडका काटा, नुसतं टोक. दोन दिवसांनी दुसऱ्या गाडीत तसाच, त्याच जागी. मग रोजच. कुंपणाचे दिवस आहेत, मी मनाला समजावलं. काटे डब्यात टाकत गेलो. सकाळी डब्यात बघावं तर चुका तेवढ्या असायच्या, मोडके काटे नसायचे. उंदीर काटे नेत नाहीत हे मलाही कळत होतं.

पौषात फौजेतून सुट्टीवर आलेला सयाजी सांगलीहून नवा टायर घेऊन आला. वरचा कागदसुद्धा त्यानं माझ्यासमोर फाडला. रिमवर चढवायच्या आधी मी आत हात घातला आणि चार बोटांवर थांबलो. काटा काढून त्याच्या हातावर ठेवला.

"नव्या टायरात?" सयाजी म्हणाला. त्यानं काट्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी परत आत हात घातला. टायरची ती जागा कोमट होती, उन्हातून दहा मैल पळून आल्यासारखी. बाकीचा टायर गार होता.

त्याच संध्याकाळी मी नाथाजीच्या घरी गेलो. सांगून टाकायचं असं ठरवूनच गेलो होतो. नाथाजीचे वडील आप्पासो सोप्यात बाजेवर बसले होते. राजदूत गोठ्याच्या भिंतीला टेकून होती, अपघातानंतर कुणी हात लावला नव्हता.

"आप्पा, टायर-ट्यूब काढून ठिवतो. जाग्यावर कुजतील," मी म्हणालो.

"काढ की," आप्पासो म्हणाले. "पिऊन मेला म्हणत्यात लोकं. गाडीचा काय दोष?"

शालूबाई कंदील घेऊन दारात उभी राहिली. मी पट्ट्या लावून टायरची एक कड उतरवली, ट्यूब ओढून काढली. ठिगळ जसंच्या तसं होतं. त्याच्या शेजारीच दुसरं बारीक भोक होतं. मी ते अंगठ्याखाली झाकलं.

मग टायरात हात घातला. रबर गार होतं. व्हॉल्व्हपासून डावीकडं एक बोट, दोन बोटं, तीन बोटं.

चौथ्या बोटावर टोचलं.

तो खरा काटा होता, तसंच मोडकं टोक. मी चिमटीत धरला, हळूच उपसला. आता हात बाहेर काढायचा आणि तिच्या हातावर ठेवायचा, एवढंच उरलं होतं.

काट्याच्या पुढं रबर नव्हतं.

कोमट होतं. मऊ होतं, मधे खोलगट. त्यावर रेघा होत्या. काकवीच्या कढईजवळ काम करणाऱ्याच्या हाताला असतो तसा घट्टा बोटांच्या मुळाशी लागला.

तो तळहात होता. उघडा, पुढं केलेला.

माझी चिमटी सुटली. काटा त्यावर पडला आणि बोटं मिटली. मला ती मिटताना लागली.

मी हात खस्सकन बाहेर ओढला. माझा हात रिकामा होता.

"काय घावलं का, दादा?" शालूबाईनं कंदील वर केला.

खरं सांगायची वेळ तीच होती. आप्पासो बघत होते. माझ्या हातात दाखवायला काही नव्हतं. पण दाखवायला लागत नाही, सांगायला लागतं, हे मला त्या क्षणीही ठाऊक होतं.

"काय न्हाई," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. दुकानाचा पत्रा उघडतोय तोवर शालूबाई समोर उभी. पायात चप्पल नव्हती, उजवी मूठ छातीशी धरलेली. रहिमाननं चहाची किटली खाली ठेवली.

तिनं मूठ उघडली. तळहातावर काट्याचं मोडकं टोक होतं. दुसऱ्या हातानं तिनं रुमालाची गाठ सोडली आणि जुना काटा त्याच्या शेजारी ठेवला. तो पुरा होता, टोकासकट.

"ह्यो रुमालातला शाबूत हाय," ती म्हणाली. "मग ह्यो मोडका कुणाचा?"

मी दोन्ही काट्यांकडं बघितलं.

"पहाटे कुणीतरी माझी बोटं उघडून तळहातावर ठिवला. मी डोळं उघडलं न्हाईत. हात वळखीचा हुता." तिचा आवाज हलला नाही. "दादा, तुमी त्या दिशी काटा काढलावता का?"

"न्हाई," मी म्हणालो. "हातच फिरवला न्हाई. डब्यातला दिला." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "वाससुद्धा येत न्हवता. मी खोटं बोललो."

रहिमाननं तोंड फिरवलं. शालूबाई रडेल, शिव्या देईल असं वाटलं होतं. तिनं फक्त डोळे मिटले.

"मला सांगून काय हुतंय?" ती म्हणाली. "पारावर चला. सगळ्यांम्होरं सांगा."

"येतो."

"हात करा म्होरं."

मी हात पुढं केला. मोडका काटा माझ्या हातावर ठेवताना तिची बोटं माझ्या तळव्याला लागली. धुक्यातून चालत आलेली बाई, बोटं बर्फासारखी गार होती.

काटा कोमट होता.