राखणजिवाणू

तबकडीवर सहा औषधांच्या सहा चकत्या ठेवल्या होत्या आणि प्रत्येक चकतीच्या अगदी कडेपर्यंत प्लेगचे जिवाणू वाढले होते. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती जिवाणू मरतात आणि एक स्वच्छ, रिकामं वर्तुळ दिसतं. डॉ. यामिनी देवस्थळीने तबकडी दिव्याखाली तिरकी धरून पाहिली. वर्तुळ कुठेच नव्हतं.

“स्ट्रेप्टोमायसिन?” मुजावर सरांनी दारातूनच विचारलं.

“नाही.”

“डॉक्सिसायक्लिन?”

“एकही नाही, सर. शंभर वर्षांपेक्षा जास्त काळ ज्या औषधांनी प्लेगचा माणूस उठून घरी जात होता, त्यांतलं एकही चालत नाहीये. दोन एकत्र दिली तर वाढ मंदावते, एवढंच.”

“म्हणजे किती दिवस?”

“आठ. फार तर नऊ.”

काचेपलीकडे विलगीकरण कक्षात बाळकू ढेबे पडून होता. घाटमाथ्यावरच्या या मूषक-निरीक्षण केंद्रात तो अठरा वर्षं उंदीर पकडण्याचं काम करत होता. उघड्या कातळसड्यावर पिंजरे लावायचे, सापडलेला उंदीर विंचरून त्याच्या पिसवा बाटलीत भरायच्या आणि बाटली प्रयोगशाळेत आणून द्यायची. परवा त्याला थंडी वाजून ताप भरला आणि काल जांघेत लिंबाएवढी गाठ आली.

“मॅडम,” ध्वनिपेटीतून त्याचा आवाज आला, “अठरा वर्सं म्या उंदरं धरली. शेवटाला पिसवेनं मला धरलं. तुम्ही कशापायी तोंडं पाडून बसलाय?”

“बाळकू, बोलू नकोस. पडून राहा.”

“पडूनच हाय. तेवढं आमच्या घरात सांगू नका गाठीचं. नुसता थंडीताप म्हणा.” त्याची बायको फाटकाबाहेरच्या बाकावर सकाळपासून बसली होती.

मुजावर सरांनी ध्वनिपेटी बंद केली. सर साठीचे होते. यामिनीची आई, डॉ. कुमुद देवस्थळी, यांचे ते पहिले विद्यार्थी.

“राखणजिवाणू,” ते हळूच म्हणाले.

“तो नष्ट केला ना? जैवसुरक्षा समितीने परवानगी नाकारली आणि आईने स्वतः सही करून सगळे नमुने वाफेच्या भट्टीत घातले. बावीस वर्षं झाली. मला त्यातलं फक्त नाव माहीत आहे.”

“मग ऐक. प्लेगचा जिवाणू पिसवेच्या चाव्यातून आत शिरला की एक पाचकरस सोडतो. आपलं रक्त त्याच्याभोवती गोठून त्याला कोंडायला बघतं, आणि तो त्या रसाने वाट कापत गाठीपर्यंत पोचतो. त्या रसाशिवाय त्याला पाऊल टाकता येत नाही. बाईंनी कातडीवरचा एक साधा, निरुपद्रवी जिवाणू घेतला आणि त्याला तो रस ओळखायला शिकवलं. एरवी तो झोपलेला असतो. रसाचा वास लागला की जागा होतो आणि औषध बनवतो. नवंच औषध. आपल्या चकत्यांतल्या कुठल्याही औषधाशी त्याचं नातं नाही.”

“एरवी बनतच नाही, म्हणून प्लेगला त्याची सवयही होत नाही.”

“बरोबर. पण जगभर मोकाट सुटू नये म्हणून बाईंनी त्याला नाजूक ठेवलं. अंगाच्या उबेबाहेर, कोरड्या जागी तो दहा मिनिटांत मरतो. कपड्यावर नाही, कंगव्यावर नाही. तबकडीवरून कातडीवर रुजवायला वर्ष लागतं. कातडीवरून कातडीवर मात्र तीन आठवडे पुरतात. रोज दीडेक तास हातात हात राहिला तर.”

यामिनीने मान वर केली. “वर्ष लागतं, हे कुणी मोजलं?”

सरांनी आपला तळवा उघडून तिच्यासमोर धरला. “बाईंनी, स्वतःच्या हातावर. मी नुसता साक्षीदार होतो, माझ्या हातावर तो कधी आला नाही. समितीला कळलं असतं तर आम्ही दोघंही घरी बसलो असतो.”

“आईला जाऊन आठ महिने झाले, सर.”

“माहीत आहे मला. पण हा एका हातावर थांबणारा जिवाणू नाही. शेवटचे दोन महिने तू होतीस ना त्यांच्याजवळ?”

यामिनीने दोन्ही तळवे कापसाच्या काडीने पुसून काड्या जनुकवाचकात ठेवल्या. निकालाला तीन तास लागणार होते. त्या तीन तासांत तिने हात धुतले नाहीत. टेबलावर समोर पालथे ठेवून ती त्यांच्याकडे बघत बसली. आईची बोटं तिच्यासारखीच होती, फक्त करंगळी जरा वाकडी. आईचं काही म्हणून जिवंत उरलं असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं, आणि आता ते इथे, या कातडीवर असू शकत होतं.

निकाल आला. राखणजिवाणू नव्हता.

“असं कसं?” मुजावर सर म्हणाले. “दोन महिने!”

“मी हातमोजे घालत होते, सर.”

सरांनी निकालाचा कागद खाली ठेवला.

“आईला रक्ताचा कर्करोग होता, प्रतिकारशक्ती जवळजवळ शून्य. आणि मी इथून, उंदरांतून जात होते. मोजे, मुखपट्टी, झगा. भरवतानासुद्धा.”

“योग्यच होतं ते.”

“हो. योग्यच होतं.”

आई एकदा म्हणाली होती, “मोजे काढ ना गं जरा.” यामिनीने तिला संसर्गाची टक्केवारी समजावून सांगितली होती. आईने तोंडी परीक्षा घेतल्यासारखं शांतपणे ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, “बरोबर आहे तुझं.”

“मग दुसरं कोणी?” सरांनी विचारलं. “मोजे न घालणारं?”

एकच बाई होती. कऱ्हाडच्या घरी आईची शुश्रूषा करायला ठेवलेल्या हौसाबाई लोहार. यामिनीने त्यांना त्यावरून तीनदा बोल लावला होता आणि तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं होतं: “मोज्यातनं अंगाचा ताप कळत न्हाय ताई.” चौथ्यांदा ती म्हणाली होती, “तुमच्यामुळे आईला काही झालं तर?”  त्यानंतरही हौसाबाईंनी मोजे घातले नाहीत.

दोन तासांत ती त्यांच्या दारात होती. हौसाबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. काही न विचारता त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

“धुवून येऊ?”

“नको!” यामिनी जवळजवळ ओरडली.

काडीवर राखणजिवाणू होता. भरपूर होता.

पुढचे चार दिवस जैवभट्टीच्या उबदार टाकीत तो वाढत राहिला. त्याला जागं करायला यामिनी प्लेगचा पाचकरस थेंबाथेंबाने सोडत होती. पाचव्या दिवशी गाळून घेतलेलं औषध तिने कोऱ्या चकतीवर टाकलं. दुसऱ्या सकाळी त्या चकतीभोवती बांगडीएवढं वर्तुळ होतं, आणि सर ते कितीतरी वेळ भिंग लावून बघत राहिले, भिंगाची गरज नसताना.

औषध एकदम देता येणार नव्हतं. खूप जिवाणू एकाच वेळी मेले, तर त्यांच्या मढ्यांतून सुटणारं विषच माणसाला मारतं. बाळकूची शुद्ध तोवर हरपली होती. दर दोन तासांनी थोडं, असं दीड दिवस चाललं. मग ताप उतरायला लागला. तिसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले आणि भाकरी मागितली.

“कुनाच्या हातचं औषिद म्हणायचं हे?”

“हौसाबाई लोहारांच्या.”

“डाक्टर हायत व्हय?”

“नाही,” यामिनी म्हणाली आणि काचेपासून बाजूला झाली.

त्याची गाठ बसल्यावर ती पुन्हा कऱ्हाडला गेली. हौसाबाईंनी चटई टाकली, चहा केला. यामिनीने जमेल तितक्या सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. आईने काही सांगितलं नाही आणि तो जिवाणू त्यांच्या नकळत त्यांच्या हातावर आला, त्याबद्दल माफीही मागितली.

“नकळत कशानं?” हौसाबाई म्हणाल्या. “इचारलं की मला. म्हनाल्या, हौसा, माझ्या हातावरचं काय तरी तुझ्या हातावर येईल, चालंल का? म्या म्हनलं, तुमचं न्हाणंधुणं करते, आता आनि काय यायचं राह्यलंय?”

यामिनीच्या हातात कप तसाच राहिला. “कधी विचारलं?”

“तुम्ही मोजं काढायला न्हाय म्हनालात, त्येच्या दुसऱ्या दिवशी. मग रोज दुपारी, तुम्ही कामावर गेला की माझा हात धरून बसायच्या. घड्याळाकडं बघत. दीड तास झाला की सोडायच्या. मला पयल्यांदा वाटलं, दुखत असंल. दुखत असल्यालं मानूस घड्याळ कशाला बघंल? एकवीस दिस झालं आनि म्हनाल्या, झालं आता.”

“मला का नाही सांगितलं?”

“सांगितलं तर तुम्हाला वरती कळवावं लागंल म्हनाल्या. तुमची नोकरी तसली. पोरीला खोटं बोलाय लावायचं नव्हतं त्यास्नी.”

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. यामिनी आपल्या तळव्यांकडे बघत होती.

“तुमच्या हातावर न्हाय म्हंता,” हौसाबाईंनी विचारलं, “आनि रोज त्या प्लेगात हात घालताय?”

“मोजे असतात.”

“त्या बाळकूलाबी असतीलच की.”

 हौसाबाईंनी तिच्या हातातला कप काढून घेतला, पदराने आपला हात कोरडा केला आणि तिची बोटं मुठीत धरली. हात खरखरीत होता, गरम होता.

“आणि काय म्हणाली आई?” यामिनीने विचारलं.

“म्हनाल्या, येईल ती. आली की घाईनं जाऊ देऊ नगंस.” हौसाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वातीन झाले होते. “पावणेपाचपतुर उठायचं न्हाय. आनि उद्या जेवायलाच या.”