बशीत स्ट्रॉ बुडत न्हाय

वृषालीनं वाफाळत्या चहात स्ट्रॉ बुडवला आणि बारामती स्टँडवरची निम्मी माणसं आपापल्या गाड्या सोडून बघत राहिली. इंदापूरची गाडी तर ड्रायव्हरसकट थबकली म्हणतात!

“किती प्रेशर हाय हो तुमच्या नळीला?”

शेजारच्या बाकावर चिखलाच्या बुटांचा एक पोरगा बसला होता. माळेगावचा ऋषिराज. शेतात ठिबकच्या नळ्या जोडून द्यायचा, त्यामुळं नळी दिसली की त्याला राहवायचं नाही.

“जीभ भाजंल की...”

“माझी हाय जीभ.”

“व्हय, पण काळजी मला लागली ना!”

वृषालीला गोड हसू फुटलं — आणि लगेच तिनं भीतीनं ओठ गच्च मिटले.

कारण तिचा पुढचा दात तिचा नव्हता. शाळेत खो-खोच्या खांबावर आपटून खरा तुटला, तिथं सिरॅमिकचा बसवला. खालच्या दाताला टेकतो म्हणून डॉक्टरांनी तो परवाच जरा घासला आणि बजावलं, “वरची चकाकी गेलीय. चहा, कॉफी, डाळिंबाचा रस, हळद... घासल्या जागी रंग धरेल. पुढच्या खेपेला पॉलिश करू, तोवर जपा.” वर आई कानात पुटपुटली, “लग्न ठरंपर्यंत कुणाला कळू दिऊ नगंस.”

तेव्हापासून तिच्या स्वप्नात चहाचा पूर यायचा. दात पिवळा पडायचा, तांबूस व्हायचा, गुळाच्या ढेपेएवढा फुगायचा, आणि तिचं अख्खं इंदापूर तो बघायला रांग लावायचं!

ऋषिराज आता रोज स्टँडवर भेटू लागला. त्यानं डाळिंबाचा रस आणला. “उपास हाय.” कॉफी आणली. “झोप उडते.” ती खोकली म्हणून हळदीचं दूध आणलं. “सोसत न्हाय मला.” दर थापेला त्याचा चेहरा उतरायचा, आणि तिचा जीव तीळ तीळ तुटायचा.

“माझ्या हातचं तुला काय बी चालत न्हाय,” एकदा तो खाली बघत म्हणाला. “उद्या आई येतीय, तुला बघायला. आमच्यात सोयरीक नको असली तर माणूस चहाला तोंड लावत न्हाय. तुला बी नको असलं... तर लावू नगंस. मी समजून जाईन.”

दुसऱ्या दिवशी त्याची आई, छबूबाई, थर्मास घेऊन स्टँडवर हजर. त्यांनी चहा ओतला तो थेट बशीत!

बशीत कुठला स्ट्रॉ बुडायला? वृषालीचं काळीज असं धडधडलं, की छपरावरची कबुतरं भुर्रकन उडाली. पिली तर दात रंगणार... नाही पिली तर...

ऋषिराज गुपचूप उठला.

“थांबा!” ती ओरडली. “हा... हा पुढचा दात माझा न्हाय! डाग पडतो त्याला...”

छबूबाई वाकून दात निरखू लागल्या. वृषालीनं डोळे गच्च मिटले.

“आन् बाकीचे?” ऋषिराजचा आवाज.

“बाकीचे... माझेच.”

“मग बाकीच्यांशी लगीन करतो. त्या एकट्याला पाहुणा म्हणून सांभाळू.”

“गप रं, वात्रट!” छबूबाईंनी त्याला चापट मारली. “आन् तू गं पोरी, एका दातापायी बशीभर चहा गार केलास की!”

वृषालीनं बशी दोन्ही हातांनी उचलली. भीती कुठं गेली नव्हती... फुर्रर्र! शेवटच्या थेंबापर्यंत.

मग रिकामी बशी पुढं करून ती हळूच म्हणाली,

“आई... अजून थोडा हाय का?”