मागच्या सीटवर

ज्यांचा विश्वास बसणार नाही, त्यांनी खुशाल पान उलटावं. पण हे माझ्या सख्ख्या दादासोबत घडलंय, तेही भर दुपारी, लख्ख उन्हात.

दादाचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. दोन जुन्या सायकली जोडून त्यानं एक दोघांची सायकल बनवली होती. पुढे तो, मागे वहिनी. हँडल आणि ब्रेक त्याच्याकडे. पायडलं मात्र साखळीनं जोडलेली, एकानं मारली की दुसऱ्याचीही फिरायची.

वहिनीचा डावा पाय लहानपणी मोडलेला. त्यामुळे तिचा एक दाब भक्कम, एक हलका. फुकटात फिरतेस म्हणून दादा तिला चिडवायचा, पण त्या अडखळत्या तालावर त्याचा फार जीव होता. मागे वळून न बघताही ती आहे, हे त्याला पायांतून कळायचं.

त्या रविवारी दोघं रस्ता चुकले. चढ संपला आणि समोर एक शहर...

इथे एवढं मोठं शहर असल्याचं दादानं कधी ऐकलं नव्हतं.

रस्ताभर पताका. चौकात कमान, तिच्यावर 'शहराचा वर्धापनदिन'. कितवा, ते कुठेच लिहिलं नव्हतं. आयताच सोहळा बघायला मिळतोय म्हणून वहिनी खूश झाली.

बँड वाजत होता. दोघं जवळ गेले...

आवाज वाढला नाही.

अगदी ढोलाशेजारी उभं राहिलं तरी तो लांबून आल्यासारखाच.

माणसं नटूनथटून दुतर्फा उभी होती. एकमेकांशी कुणी बोलत नव्हतं. सगळे फक्त वहिनीकडे बघून हसत होते. दादा सायकल मागे वळवू लागला.

छातीला फीत लावलेली एक बाई पुढे आली. कितीजण आलात, तिनं विचारलं. दादा म्हणाला, दोघं.

"मग दोघंच परत जाल. काळजी करू नका."

दादाला हायसं वाटलं. वहिनी पाणी प्यायला त्या बाईमागून चौकातल्या सभागृहात गेली. तो सायकल धरून बाहेर थांबला.

बँड बंद पडला...

त्यानं वळून पाहिलं. चौकात कुणीच नव्हतं.

हाक मारणार, एवढ्यात वहिनी बाहेर आली. हसत मागे बसली, निघूया म्हणाली. दादानं घाईघाईनं पायडल मारलं.

आणि मागचा ताल अडखळलाच नाही.

दोन्ही दाब सारखे होते.

त्यानं करकचून ब्रेक दाबला. रबर जळल्याचा वास आला, पण सायकल थांबेना. पायडलं त्याचेच पाय ओढून नेत होती. उतरताही येईना. तो वहिनीच्या नावानं ओरडत होता, रडत होता...

मागून तिच्याच आवाजात उत्तर आलं, "अहो, असं काय करताय?"

हमरस्त्याला लागल्यावर सायकल आपोआप थांबली. दादा ती तिथेच टाकून उलटा पळत सुटला. चढावर पोचला तर पलीकडे नुसता माळ.

आज वहिनी घरी आहे. तेच हसणं, त्याच आठवणी, माझ्या लग्नातली फजितीसुद्धा तिला पाठ आहे. डावा पाय आता दुखत नाही म्हणते. आई सुनेवर खूश आहे.

दादा कुणाला काय सांगणार? त्यानं फक्त मला सांगितलं. दर रविवारी सामान आणायच्या नावाखाली तो एकटाच तो चढ शोधायला जातो आणि हात हलवत परत येतो.

परवा तो असाच गेला होता. वहिनीनं माझ्यापुढे चहा ठेवला आणि खुर्ची ओढून बसली.

"भाऊजी, यांना जरा समजवा ना. उन्हातान्हात कुठे कुठे फिरतात. ती तिकडे रोज हाका मारते यांना. पण तिला आता येता यायचं नाही."

असं म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी मान डोलावली. चहा प्यायलो. दुसरं काय करणार होतो? दादाला हे अजून सांगितलेलं नाही.